मराठवाड्यात मोटरहोम नेताय? मग हवा भरायच्या आधी भुईकाट्यावर जा

संभाजीनगरहून निघून बीड, तुळजापूर, नळदुर्ग, औसा, लातूर, अंबाजोगाई, परळी असा फेरा आम्ही ऐन उन्हाळ्यात केला, सोबत आई, बायको आणि दोन्ही पोरं. गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधून घेतलेलं मोटरहोम, मागे जोड टायर. रस्ता कसा, राहायचं कुठं हे तर सांगतोच, पण या भागात उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टायरातली हवा आहे आणि तिच्याबद्दल नीट कुणी सांगत नाही म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितोय.

पंक्चरच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "दादा, किती पॉइंट टाकू?" (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) आणि आपण टायरवर छापलेला आकडा वाचून सांगतो. तो आकडा कमाल वजनासाठीचा असतो, म्हणजे टायरवर जास्तीत जास्त जेवढा भार चालतो तेवढा असेल तर लागणारी हवा. तुमच्या गाडीचा भार तेवढा आहे का हे काट्यावर गेल्याशिवाय कळत नाही. मोटरहोमचं तर आणखी अवघड, कारण दाराजवळचं कंपनीचं स्टिकर मूळ गाडीसाठी असतं आणि आपण त्यावर पलंग, कपाटं, बॅटऱ्या, पाण्याची टाकी असं सगळं चढवलेलं असतं. १५० लिटर पाणी म्हणजे सरळ १५० किलो, घरगुती गॅसची भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास.

म्हणून निघायच्या दिवशीच, पाणी डिझेल सामान भरून आणि सगळ्यांना आत बसवून चिकलठाण्याकडच्या एका भुईकाट्यावर गाडी नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काटेवाल्याला आधीच सांगा की एक्सलचं वेगवेगळं वजन पाहिजे, नाहीतर तो एकच पावती फाडून देतो. मराठवाड्यात काट्यांची कमी नाही, मोंढ्याजवळ, जिनिंगजवळ, साखर कारखान्याच्या रस्त्याला कुठंही सापडतो.

आमचं पुढे साधारण १५०० किलो भरलं आणि मागे २५००. आता बघा, मागे वजन जास्त म्हणून सगळे मागे हवा जास्त टाकतात, पण मागे चार टायर आहेत म्हणजे एकेकावर ६२५ किलो, आणि पुढे दोनच, म्हणजे एकेकावर ७५०. पुढच्याला हवा जास्त लागते! टायरच्या बाजूला १०९/१०७ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो लोड इंडेक्स, १०९ म्हणजे एकटा टायर १०३० किलो उचलतो आणि १०७ म्हणजे जोडीत असताना ९७५. टायर कंपनीच्या तक्त्यात कुठल्या वजनाला किती हवा ते दिलेलं असतं, त्यावरून आणि डावं-उजवं वजन सारखं नसतं म्हणून थोडी वाढवून आम्ही पुढे ५० आणि मागे ४५ ठेवली. हे आकडे आमच्या गाडीचे आहेत, उचलून तुमच्या गाडीला लावू नका, आणि कंपनीच्या स्टिकरपेक्षा खाली तर जाऊच नका.

हवा पहाटे बघायची. गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे आणि टायरवर ऊन आलेलं नसलं पाहिजे, उन्हाकडच्या बाजूचे टायर उभ्या गाडीतसुद्धा दोन-तीन पॉइंट जास्त दाखवतात. गेज स्वतःचं ठेवा, दुकानातल्या गेजवर भरवसा नाही.

शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई, बीड करत धुळे-सोलापूर हायवेने जाताना दुपार झाली आणि टीपीएमएसच्या, म्हणजे चालत्या गाडीत टायरातली हवा दाखवणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर पुढचे टायर ५८-५९ दाखवायला लागले. घाबरायचं काही नाही. पहाटे २५ डिग्रीला भरलेली हवा रस्त्यावर ६५ डिग्रीपर्यंत तापली की एवढी वाढणारच. चहाला थांबलो तिथला पंक्चरवाला चांगल्या मनाने म्हणाला, "लई फुगलेत भाऊ, थोडी सोडून देतो." त्याला नको म्हटलं. तापलेल्या टायरची हवा सोडून ५० वर आणली असती तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती ४२ भरली असती आणि कमी हवेचा टायर दर फेऱ्याला जास्त वाकतो, वाकला की तापतो, आणि उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक याच्यातूनच. नायट्रोजन भरला की हे होत नाही असं सांगतात, ते खरं नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच आणि तोही तापला की तसाच वाढतो. टीपीएमएसचा अलार्म टायर थंड असताना भरलेल्या हवेच्या आकड्यावरून लावा, वरचा साधारण २५ टक्के जास्त, खालचा १० ते १५ टक्के कमी.

तुळजापूरला मोठी गाडी मंदिराजवळ न्यायच्या भानगडीत पडू नका, गावाबाहेरच लावा आणि रिक्षाने जा. नळदुर्ग मात्र वेळ काढून बघा, नर-मादी धबधबे उन्हाळ्यात कोरडे असतात तरी बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल बाहेरच्या उन्हात थंडगार लागतो. आई तिथून उठायलाच तयार नव्हती.

औश्याच्या पुढे एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली, तिथून निघालं की उतरून जोड टायरच्या मधे बघायचंच. दगड अडकला असेल तर तो दोन्ही टायर आतून कापतो. आतल्या टायरची हवा मोजायला हात पोचत नाही म्हणून लोक मोजतच नाहीत, आणि तो बसला तरी बाहेरचा सगळा भार घेऊन चालत राहतो, दिसायला काहीच दिसत नाही. लांब व्हॉल्व्ह बसवून घ्या, फार खर्च नाही. जोडीतल्या दोघांची हवा सारखी ठेवा.

अवकाळी पावसाचं सावट असेल तर रात्री काळ्या मातीच्या रानात गाडी लावू नका, आम्ही पेट्रोल पंपाच्या मालकाला विचारून कडेला मुरमावर लावायचो, अंबाजोगाईला तर त्यांनी पाणीपण भरून दिलं.

मोटरहोमचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, गाडी महिनोन् महिने उभी असते ना. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बारीक तडे दिसले तर नक्षी कितीही चांगली असो, बदला.

आणि स्टेपनी. तिच्यात पुढच्या टायरएवढी हवा ठेवा, मागे लावायची वेळ आली तर पाच पॉइंट सोडायला मिनिटसुद्धा लागत नाही, पण परळीच्या रस्त्यावर भर दुपारी पाच पॉइंट वाढवायला कंप्रेसर शोधत बसावं लागतं.