नवरात्रातली कळसूबाई

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर आहे आणि त्याची उंची १६४६ मीटर आहे, हे शाळेच्या भूगोलात पाठ झालेले असते. नवरात्रात मात्र त्या वाटेवर उंचीची चौकशी कोणी करत नाही. ‘ओटी आणली का?’ असे विचारतात. आम्ही सुट्टीसाठी भंडारदऱ्याला उतरलो होतो आणि अर्ध्या दिवसात शिखर पाहून परतायचे, एवढाच बेत होता. परंतु घटस्थापनेनंतरचा मंगळवार निवडला गेला, आणि तो देवीचा वार असल्यामुळे सहलीची आपोआप वारी झाली.

पायथ्याचे बारी हे गाव अकोले तालुक्यात, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उजाडण्यापूर्वी आम्ही गावातून निघालो, तेव्हा भातखाचरांच्या बांधांपलीकडे विजेऱ्यांची एक रांग आधीच वर सरकत होती. गाव मागे पडल्यावर थोड्या चढावर देवीचे एक मंदिर लागते. ज्यांना शिखर झेपत नाही ते इथेच ओटी भरून परत फिरतात. घोटी, इगतपुरी, राजूर, अकोले अशा भागांतून माणसे येतात आणि त्यांतले काही जण नऊही दिवस रोज शिखर चढतात. पुष्कळ जण अनवाणी होते. वाट अरुंद असल्यामुळे पुढच्याला ओलांडून जाण्याची सोय नव्हती. साहजिकच आमचीही चाल त्यांच्यासारखीच झाली, म्हणजे पाऊल पुरते टेकल्याशिवाय दुसरे उचलायचे नाही आणि बोलणे थांबवायचे नाही. दम लागेपर्यंत धावायचे आणि मग दगडावर बसकण मारायची, या सहलीच्या रीतीपेक्षा ही चाल गुडघ्यांना निश्चितच मानवते.

आमच्यापुढे काष्टा खोचलेल्या, कमरेला ओटीचे गाठोडे बांधलेल्या एक मावशी होत्या. ‘कुठनं आलीस गं पोरी?’ त्यांनी मागे न पाहताच विचारले. पुण्याहून म्हटल्यावर, ‘मग तुला आईची गोष्ट ठावं नसंल,’ असे म्हणून त्यांनी ती चढता चढताच सांगितली. कळसू नावाची एक मुलगी बारीतल्या एका घरी कामाला राहिली. तिने अट घातली होती की बाकी पडेल ते काम करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. काही दिवस ते निभावले. पुढे एकदा घरी पाहुणे आले, माणसांची गडबड उडाली आणि कोणीतरी तिच्यापुढे खरकटी भांडी सरकवली. तिने ती मुकाट्याने घासली, केर काढला, आणि जी डोंगराकडे निघाली ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला तो काळदरा, असे तिकडचे लोक सांगतात.

मला या कथेत सर्वांत आवडते ती तिची अट. राक्षस नाही, युद्ध नाही, शाप नाही. कामाला राहिलेल्या एका मुलीने दिलेला शब्द आणि घरच्यांनी तो मोडणे, एवढ्यावर महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच डोंगराची देवी उभी आहे. तिची ओटी भरायला निघालेल्या बहुतेक जणी मात्र घरची भांडी उरकूनच आल्या असणार. मावशींना तसे म्हटले, तेव्हा त्या पहिल्यांदाच थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, ‘म्हून तर येतो. येक दिस वर.’

अर्ध्या चढानंतर कातळ उभे राहतात आणि त्यांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. शिड्या नव्हत्या तेव्हा साखळदंडांना धरून माणसे चढत. ते साखळदंड काही ठिकाणी अजून दिसतात. दवाने कठड्याचा नळ इतका गार झाला होता की तळहात आखडत होते, आणि पायऱ्यांचा मधला भाग पावलांनी घासून गुळगुळीत झाला होता. मावशींनी गाठोडे कमरेवरून सोडून पाठीवर बांधले, पदर दातांत धरला, आणि ‘कळसूबाईच्या नावानं’ असे पुकारताच खालून वरून ‘चांगभलं’ आले. गर्दीच्या दिवशी एकाच शिडीवरून चढणारे आणि उतरणारे यांची गाठ पडते. पण त्या ठिकाणी पोलीस नाही की स्वयंसेवक नाही, तरी वरून कोणी ‘थांबा, लेकुरवाळी उतरतीये’ असे ओरडले की खालची रांग जागच्या जागी थांबत होती.

शिड्यांमुळे डोंगराची मजा गेली, अशी तक्रार गिर्यारोहणाची हौस असलेल्यांकडून मी बरेचदा ऐकली आहे, आणि त्या दिवशीही आमच्यातल्या एकाने ती केलीच. मला ती पटत नाही. कातळ अंगाने चढण्याची ज्याला हौस आहे त्याच्यासाठी अलंग आणि मदन हे गड शेजारीच उभे आहेत. कळसूबाईचा डोंगर प्रथम नवस बोलणाऱ्यांचा आहे, आणि साखळदंडाच्या काळात पायथ्याच्या देवळातूनच मागे फिरावे लागले असते अशा कितीतरी बाया आज या लोखंडामुळे वरपर्यंत पोहोचतात. तक्रार करायचीच तर पाण्याच्या आणि सरबताच्या रिकाम्या बाटल्यांची करावी. हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ओटीतले तांदूळ पाखरे टिपतील, नारळाच्या शेंड्या कुजतील, पण बाटल्या कुठे जाणार?

शेवटच्या शिडीआधी एक सपाटी आहे आणि तिथे विहीर आहे. सपाटीवर सोनकी फुलली होती. वारकऱ्यांनी पाय धुतले, आम्हीही धुतले. त्यापुढचा टप्पा लहान आहे, पण वारा असा की मावशींचे लुगडे शिडाप्रमाणे फुगले आणि त्यांनी कठडा दोन्ही हातांनी कवटाळला.

माथ्यावर जागा थोडी आणि मंदिर त्याहून लहान. दोन-तीन माणसे आत गेली की बाकीच्यांनी बाहेर वाऱ्यात उभे राहायचे. मावशींनी गाठोडे सोडले: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि हिरव्या बांगड्या. ओटी भरून झाल्यावर त्यातलेच चिमूटभर तांदूळ त्यांनी माझ्याही ओंजळीत घातले आणि ‘तूबी घाल’ म्हणाल्या. मी रिकाम्या हाताने आले होते, पण ते त्यांनी बोलून दाखवले नाही. ढग मधूनच फाटत होता. तेवढ्यात पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तिघे ओळीने दिसले, आणि दक्षिणेला १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी चमकले. आमच्यापैकी सगळे छायाचित्रे काढण्यात गुंतले. मावशींनी मात्र ‘त्यो आमचा गाव’ म्हणून ढगातल्याच एका दिशेला हात केला आणि पुन्हा देवळाकडे वळल्या.

उतरणे चढण्याहून कठीण गेले. शिडीवरून तोंड कातळाकडे करून उतरावे लागते आणि पायरी पायाने चाचपून शोधावी लागते. शिड्या संपल्यावर पोटऱ्या थरथरू लागल्या. दुपार व्हायच्या आत आम्ही पायथ्याच्या देवळाशी पोहोचलो, तेव्हा तिथे पायरीवर एक म्हातारी बसून होती. ती मावशींची थोरली जाऊ निघाली. गुडघ्यांमुळे तिने खालीच ओटी भरली होती. मावशींनी वरचा प्रसाद तिच्या हातावर ठेवला आणि लगेच शिड्यांची माहिती सुरू केली: कुठल्या शिडीचा कठडा हलतो, कुठे पायरी उंच आहे, कुठे बसायला जागा मिळते. ‘मला न्हाई जमायचं गं,’ जाऊ म्हणाली. ‘जमंल की,’ मावशी म्हणाल्या, ‘म्होरल्या साली मी मागनं चढते, तू म्होरं ऱ्हा.’