खांडस ते भीमाशंकर: शिडी घाटाबद्दल जे सांगत नाहीत

कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरला चढायच्या दोन वाटा, शिडी घाट आणि गणपती घाट. शिडी घाटाबद्दल ज्याला विचारावं तो एकच सांगतो: तीन लोखंडी शिड्या, पटापट चढायच्या, गणपती घाटापेक्षा वेळ वाचतो. शिड्यांचं खरंच काही वाटत नाही. हलतात, करकरतात, पण हाताला धरायला काहीतरी असतं. त्यांच्या मधला कातळ मात्र कोणी सांगत नाही. शिडी संपली की भिंतीला चिकटून आडवं सरकायचं, पावलापुरती जागा आणि पाठीला दरी. आम्ही कोजागिरीच्या आसपास गेलो, पाऊस थांबला होता, तरी खोबणीत शेवाळ ओलंच होतं. सॅक फुगलेली असेल तर ती कातळाला अडते आणि आपल्यालाच बाहेर ढकलते. सॅका उतरवून दोराने वेगळ्या ओढून घ्या. दोर नसेल तर या वाटेला लागूच नका. ज्याला दृष्टिभय आहे, म्हणजे खाली दरी दिसली की भीती वाटते, त्याला 'चल रे, काही होत नाही' म्हणून आणू नये. आमच्यातला एक मधेच थिजला आणि त्याला पाऊल कुठे ठेवायचं हे एकेक करून सांगावं लागलं.

त्यात रविवार. मागून पैसे भरून आलेला मोठा गट, त्यांचा म्होरक्या खालून 'चला, चला' ओरडतोय आणि एकाच शिडीवर चौघं लोंबकळताहेत. शनिवार-रविवारी इथे येऊ नका. पावसाळ्यात तर अजिबात नाही. आणि शिडी घाटाने उतरायचं मनातही आणू नका.

खांडसच्या पुढे पूल लागतो, तिथून डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणपती घाट. गणपती घाट लांब आहे, पदरगडाच्या पायथ्याने वळसा घालून जातो, पण बैलही चढेल अशी वाट. शंका असेल तर सरळ उजवीकडे वळा, कमीपणा नाही. दोन्ही वाटा वर पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, मिळतात. तिथल्या झोपडीत सरबत मिळालं तर घ्या, कारण पुढची रानातली चढण सगळ्यात जास्त दमवते. खांडसपासून माथ्यापर्यंत आठशे-नऊशे मीटर चढायचं आहे, आणि शिड्यांच्या गप्पांत हे सगळे विसरतात. माणशी तीन लिटर पाणी कमीच पडलं.

वर मुक्काम केला. हनुमान तळं, देऊळ, रांग, सगळं ठीक. शेकरू दिसलं. अभयारण्यच त्याच्यासाठी आहे, त्यामुळे फांद्यांतली गोल घरटी बघत चाललात तर तुम्हालाही दिसेल.

गुप्त भीमेला, म्हणजे लुप्त झालेली भीमा नदी पुन्हा प्रकटते तिथे, जरूर जा, पण पाऊस संपता संपताच. पंढरपुरात चंद्रभागा म्हणून जिच्या वाळवंटात अख्खी वारी मावते, ती इथे एका ढांगेत ओलांडता येते. चैत्र-वैशाखात नुसते दगड बघायला तंगडतोड करू नका.

नागफणीच्या कड्यावर मात्र गेलंच पाहिजे. भन्नाट वारा, खाली पदरगड आणि अख्खं कोकण. तिथे बसल्यावर मला शिडी घाटसुद्धा बरा वाटायला लागला होता. म्हणून शिडी घाटाबद्दल सुरुवातीला जे सांगितलं ते खाली उतरल्यावर लिहिलं आहे, तेच खरं धरा.

आता रिक्षा. कर्जतहून कशेळ्यापर्यंत सीटवर जाता येतं, तिथवर दर सगळ्यांना माहीत असतो. लूट कशेळे ते खांडस. सॅका दिसल्या की दर दुप्पट, आणि पोचल्यावर 'सामानाचे वेगळे'. बसण्याआधी सामानासकट ठरवा, चौघांचे मिळून की माणशी हेही वदवून घ्या. परतताना खांडसमध्ये एकजण छातीठोकपणे म्हणाला, शेवटची एसटी गेली. आम्ही घासाघीस करत असतानाच ती समोरून आली. गाडीच्या वेळा सकाळीच कर्जत स्टँडवर विचारून ठेवा, रिक्षावाल्याला विचारू नका.