पाचव्या तज्ज्ञाची सही

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पाला विषय घेतला : सोलापुरातल्या बिडी कामगार महिलांची मुलींच्या शिक्षणाविषयीची अभिवृत्ती. व्याख्या १९३५ची, ऑलपोर्टची घेतली : अनुभवातून घडलेली मनाची तयारी, जी आपल्या वागण्याला दिशा देते. मापनी लिकर्टच्या १९३२च्या पद्धतीची, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच रकाने. वीस विधानं दोन रात्रींत लिहून झाली. अडलं ते तज्ज्ञांपाशी.

विधानं विषयाला धरून आहेत, असा पाच तज्ज्ञांचा अभिप्राय लागत होता. चार आले. पाचवे सर फोनवर म्हणाले, "फार महत्त्वाचं काम आहे, पाठव, उद्याच बघतो." त्या 'उद्या'ला सहा आठवडे लागले. एकदा सर मीटिंगला, एकदा रजेवर, एकदा लिफाफाच सापडेना. चौथ्या खेपेला सापडला, त्यांच्या चहाच्या कपाखाली. न उघडलेला, वर गोल डाग. अभिवृत्ती मोजायच्या थर्स्टनच्या पद्धतीत परीक्षक एकेक विधान, ते किती अनुकूल-प्रतिकूल ते बघून, अकरा गठ्ठ्यांत लावत बसायचे. मी फक्त वीस टिका मागत होते!

त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून समाजशास्त्रज्ञ लापिएरचा १९३४चा अभ्यास वाचून संपवला. एका चिनी जोडप्याबरोबर तो अमेरिकाभर हिंडला. २५१ हॉटेलं-खानावळींपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. पुढं पत्रानं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जण म्हणाले, चिनी गिऱ्हाईक घेणार नाही. आमच्या सरांचं बरोब्बर उलटं. तोंडी पूर्ण सहमत.

शेवटी गाइड मॅडमनी दुसरं नाव सुचवलं. त्या बाईंनी दोन दिवसांत कागद दिला, वर एक 'आणि' खोडला : "'मुलींना शिकवावं आणि नोकरी करू द्यावी', यात ती कशाला हो म्हणाली ते कसं कळणार?" म्हणून सांगते, तज्ज्ञ पाच हवे असतील तर सात जणांना कागद द्या.

हो, आणि उलट, म्हणजे शिक्षणाच्या विरोधातल्या विधानांचे गुण उलटे धरायचे असतात. मी विसरले, तर क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, पार तळाला.

पूर्व भागात एक काकू मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत उत्तरं देत होत्या. 'मुलीला पदवीपर्यंत शिकवावं' : सहमत. 'मुलीनं शाळेपेक्षा घरकाम शिकावं' : तेही सहमत. मी पुन्हा विचारलं.

"लिव की गं तुला काय पायजे ते," कात्रीनं पान कापत त्या म्हणाल्या. मागं त्यांची मुलगी दहावीचं गणित सोडवत बसली होती.