आईला शेवटी दवाखान्यात का नाही नेलं?

तेरवीला विचारलंत, परवा फोनवर पुन्हा. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगतो. पैशाचा प्रश्न नव्हता, मेडिक्लेम होता.

२०१७ मध्ये बाबांच्या वेळी ‘जे करता येईल ते सगळं करा’ असं मीच म्हणालो होतो. नागपूरला धंतोलीत आयसीयूत ११ दिवस. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात गॉजपट्टीनं कॉटच्या दांडीला बांधलेले. भेटायला १० मिनिटं, तीही एकेकालाच. नवव्या दिवशी आई गंगाजळाची सीलबंद गडवी पदराखाली धरून आत गेली. सिस्टर चांगली होती. हळूच म्हणाली, “तोंडात नळी आहे ना आजी, नाही देता येत.” आईनं बोट ओलं करून ओठांच्या कडेला लावलं. तिथे नळीची चिकटपट्टी होती, पाणी त्या पट्टीतच जिरलं. बाबांची बोटं तिच्याकडे हलली, गाठीनं अडवली.

ऑटोत आई म्हणाली, “माह्यं असं नको करजो रे.”

दोन दिवसांनी पहाटे फोन आला. आंघोळ घालताना त्यांच्या मनगटांवर वळ दिसले. साबणानं जातील असं वाटून मी चोळत राहिलो.

पुढे तिला फुफ्फुसांचा फायब्रोसिस निघाला, म्हणजे फुफ्फुसं कडक होत जातात, तेव्हा तिनं ते कागदावरच आणलं. शेवटच्या उपचारांबद्दलचं असं इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली मान्य केलं. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, २०२३ पासून नोटरी चालतो. दोन साक्षीदार, शिक्का आणि ‘व्हेंटिलेटर नको’. एका डॉक्टरांनी तो कागद वाचून माझ्याकडे परत सरकवला. “उद्या तुमचे नातेवाईकच येऊन भांडतील.”

तर तुम्ही भांडताच आहात. उपचार बंद केले म्हणता. बंद केले नव्हते. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, पॅलिएटिव्हचे, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारे, डॉक्टर येत होते. मॉर्फिन म्हणजे मारायचं औषध, असंही तुमच्यापैकी कुणी म्हणालं. त्याच्या छोट्याशा मात्रेनं तिची धाप बसायची आणि ती चहा मागायची. गेली त्या दिवशी गंगाजळ तिच्या घशाखाली उतरलं, मी पाहिलं.

नेलं असतं तर आणखी जगली असती? असतीही. नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

जायच्या सहा दिवस आधीची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मे महिना, रात्री दोनला लाईन गेली. कूलर थांबला, मशीन ओरडायला लागलं. मोठा सिलिंडर कोपऱ्यात उभा होता, पण त्याची चावी सापडेना. मोबाईलच्या उजेडात आईचे डोळे दिसत होते. मी १०८ लावला. इतकं ठरवून, कागद करून, बाबांचे हात पाहूनसुद्धा मी तोच होतो, ‘सगळं करा’ म्हणणारा. पलीकडून आवाज आला आणि आईनं माझं मनगट घट्ट धरलं. मी फोन कापला. चावी उशीखाली निघाली.

तिनं मला थांबवायला धरलं होतं की घाबरून, ते तिला दुसऱ्या दिवशी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.