न मारलेले दोन शॉट

कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर निवड चाचणी होती. मी नेमबाज मुलांना योगासनं आणि प्राणायाम शिकवते. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून पालकांची मागणी ठरलेली: "मॅडम, एकाग्रता तेवढी वाढवा." जणू ती औषधाच्या दुकानात बाटलीत मिळते.

त्या दिवशी करवीर तालुक्यातली एक शाळकरी मुलगी १० मीटर एअर रायफलला उभी होती. ६० शॉट, ७५ मिनिटं, आणि समोर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. हिचा दम जबरदस्त. कुंभकात, म्हणजे श्वास रोखून धरताना, बाकीच्यांनी श्वास सोडला तरी ही आपली बसलेली. रेंजवर नेमकं तेच नडायचं. श्वास सोडल्यावर जी उसंत मिळते, त्या चार-सहा सेकंदांत शॉट सुटायला हवा. त्यापुढं दम धरला की नजर धूसर होते, रायफल हलायला लागते. त्राटकाचं, म्हणजे एकटक बघण्याचंही तसंच. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघायला सांगितलंय. पण मॅचच्या सकाळी असले डोळे घेऊन नेम कोण धरणार?

चाचणी निम्म्यावर आली आणि स्क्रीनवर ८.९ उमटला, दहाच्या बाहेर. पुढच्या शॉटला तिनं रायफल उचलली, गाल टेकवला, थांबली, आणि न मारताच खाली घेतली.

"मॅडम, मारत का न्हाई ओ ती? टाइम चाललाय की!" मागून तिचे वडील.

मी त्यांना हातानंच गप्प केलं. तिनं पुन्हा उचलली, पुन्हा खाली. शेजारच्या लेनवर सटासट शॉट चाललेले. तिसऱ्यांदा उचलली आणि १०.५.

हे खाली घेणंच आम्ही घोटत होतो. भ्रामरी, अनुलोम-विलोम त्याच्या आधीचं. उच्छ्वास लांबवला की ठोके मंदावतात, त्याचा उपयोग होतोच. पण उचललेली रायफल खाली घेणं फार जड जातं. त्यात आमचं गाव खासबागच्या कुस्ती मैदानाचं. इथं पैलवान जरा मागं सरकला तरी अख्खं मैदान ओरडतं.

नंतर तिला विचारलं, दोनदा का गं?

"पहिल्यांदा ते ८.९च डोक्यात होतं. दुसऱ्यांदा पप्पांचा आवाज."

वडिलांनी कान पकडले. निवड थोडक्यात हुकली. पुढच्या चाचणीला त्यांना मी बाहेर चहाच्या गाड्यावर बसवणार आहे.