गाडी किती देते?

परवा भाच्याच्या बारशात पंगतीला बसलो होतो, तर दाजींनी माझ्या मारुती सियाझबद्दल परत विचारलं, "काय म्हणते सियाझ, अजून 24 देते का?" आणि मी "बरं देते" असं पुटपुटून ताक आणायला उठलो. "गाडी किती देते" हे सात वर्षं चाललंय. सोसायटीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, लग्नात, एकदा तर दहाव्याला गेलो होतो तिथेसुद्धा. बाकी कुणाचं ठीक आहे, पण घरातले लोक जेव्हा तो लिटरला 24 किलोमीटरचा आकडा काढतात तेव्हा मला खरंच बोलता येत नाही. का ते आज लिहून टाकतो. तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत म्हणून.

आधी सरळ उत्तर. गाडी 2018 ची, दीड लिटर पेट्रोल, मॅन्युअल. वारजे ते हिंजवडी फेज 2, सकाळी साडेनऊला निघून, एसी चालू, भूमकर चौकात रांगेत: 11 ते 12.5. त्याच रस्त्याने सकाळी सातला निघालो तर 15. हायवेला एसी लावून 90 च्या आसपास धरली तर 20, कधी 21. तीच गाडी एक्सप्रेसवेला 120 ने हाणली तर 16 च्या आत. सात वर्षांत 81 हजार रनिंग झालंय, सगळं मिळून टाकी-टू-टाकी 14.6. हा आकडा स्क्रीनवरचा नाही, वहीतला आहे. स्क्रीन माझ्या गाडीत बऱ्याचदा एक-दीड जास्त दाखवते. पंपावर नॉझल आपोआप कट होईपर्यंत भरायचं, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच कटपर्यंत भरायचं, मधले किलोमीटर भागिले भरलेलं पेट्रोल. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच टाक्या झाल्या की मग काय ते कळतं.

आता लगेच पुढचा प्रश्न येतो, की कंपनी तर 21.56 सांगत होती मग फसवलं का. नाही हो. हे मी शंभर वेळा सांगितलंय. तो आकडा चाचणीचा आहे. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत, रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वीसेक मिनिटं चालवतात, थोडी शहरासारखी थांबत-थांबत, शेवटी थोडी हायवेसारखी, जास्तीत जास्त वेग 90, एसी बंद, मागे कुणी बसलेलं नाही, डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. आपण ज्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जातो तिथेच एआरएआय, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था, आहे, निम्मं पुणं त्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतं आणि त्याच टेकडीवरून खाली बघितलं की कर्वे रोडचा ट्रॅफिक दिसतो, म्हणजे चाचणी आणि खरं आयुष्य यांच्यात अंतर काय आहे ते उभ्या-उभ्या कळतं. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला आहे. ही जास्त खाते की ती, एवढंच. तुमच्या खिशाचा हिशोब त्यावर करायचा नसतो.

पण हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. आणि तरी मी त्या 21.56 च्या मागे लागलो होतो, हे मान्य करायला हवं.

आमच्या घरात पेट्रोलचा हिशोब हा कंजूषपणा नव्हता. बाबांची चेतक होती, रिझर्व्ह पण संपलं की ते स्कूटर आडवी करायचे, परत उभी करून किक मारायचे आणि पंपापर्यंत नेऊन दाखवायचे. पेट्रोल भरलं की घरी येऊन डायरीत तारीख, लिटर, किलोमीटर. ते गेल्यावर ती डायरी माझ्याकडे आली आणि गाडी घेतल्यावर मी तसलीच एक वही केली. बायको म्हणते तुला नाद लागलाय. नाद म्हणा, पण वहीमुळेच मला एकदा टायरमधलं बारीक पंक्चर कळलं होतं, ऍव्हरेज दीडने पडलं तेव्हा. एकदा एका पंपावर सलग दोन टाक्या कमी भरल्यात असं वाटलं तेव्हा मी पाच लिटरचं माप मागितलं होतं. ते मागायचा आपल्याला हक्क आहे, पंपवाल्याला शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं. माप बरोबर निघालं, चूक माझीच होती, मी पहिल्या वेळी कट झाल्यावर पुढे कोंबून भरलं होतं. तर सांगायचं काय, की वही वाईट नाही. अजूनही मला तसं वाटतं.

आता 24 चं.

मे 2023. सोलापूरला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. बायको आणि मुलगी तिच्या माहेरी, त्यामुळे मी आणि आई दोघंच. टाकी पुण्यात फुल केली, ट्रिप झिरो केली. जाताना रात्रीचे निघालो, रस्ता मोकळा, हवा गार. तिथे एक दिवस अक्कलकोटला जाऊन आलो. परत निघताना 330 किलोमीटर झाले होते आणि स्क्रीनवर 22.9. आणि माझ्या डोक्यात आलं की अख्ख्या टाकीचं 24 होऊ शकतं. सोलापूर-पुणे रस्ता सपाट, घाट नाही, अडीचशे किलोमीटर. 70-75 ला धरायची, पाचवा गिअर, ब्रेकला पाय लावायचा नाही, आणि एसी बंद.

दुपारी बाराला निघालो. सोलापूरचा मे महिना ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. काचा चार बोटं खाली, कारण पूर्ण उघडल्या की गाडीला वारा अडतो. आत झळा येत होत्या. आई मागच्या सीटवर, गुडघा दुखतो म्हणून पाय लांब करून. मोहोळच्या आसपास ती म्हणाली, "एसी लाव रे थोडा." मी म्हणलं, "टेंभुर्णीपर्यंत थांब, मग लावतो." तिने पाण्याच्या बाटलीतून नॅपकिन भिजवला, घडी केली आणि डोक्यावर ठेवला. पांढरा, निळ्या काठाचा, लग्नात जेवणानंतर दिलेला. टेंभुर्णीला 23.4 झालं होतं. मी एसी लावला नाही. तिने परत विचारलं नाही. आरशात दिसत होतं, नॅपकिन वाळून कडक झाला होता आणि तसाच डोक्यावर होता.

भिगवणला चहाला थांबलो. मी उतरलो, ती म्हणाली तू पी, मला नको. मी चहा घेऊन गाडीत आलो, चावी फिरवली आणि स्क्रीनवर 24.0. फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, सोलापूर-पुणे, दोन माणसं आणि सामान. तोच फोटो. ज्याच्यावरून दाजी आज तीन वर्षं विचारतात तो फोटो हा. तो काढला तेव्हा आई माझ्या मागे हातभर अंतरावर होती आणि मी मागे वळून बघितलं नव्हतं.

पाटसच्या टोलला गाडी हळू झाली तेव्हा ती बोलली. म्हणाली, "सोलापूर आलं का रे?"

मला आधी वाटलं झोपेत बोलतेय. म्हणलं, अगं आपण सोलापूरहूनच आलो. तर परत तेच, "सोलापूर आलं का, ताईला फोन कर." ताई म्हणजे माझी मावशी, ती 2016 ला गेली. मी टोल ओलांडून गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, हात लावला तर अंग तव्यासारखं आणि घाम अजिबात नाही. कोरडं. मी तिला हाक मारत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती पण ओळखीचं काही दिसत नव्हतं. टोलवरचा एक मुलगा जार घेऊन पळत आला, त्याने मला विचारलंच नाही, सरळ तिच्या डोक्यावर, मानेवर पाणी ओतलं आणि म्हणाला, "काका, एसी फुल करा आणि चौफुल्याला न्या, बघत काय बसलाय." त्या मुलाचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

चौफुल्याला एका दवाखान्यात दोन सलाईन लावली. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्यांची पट्टी बघितली आणि म्हणाले यात पाणी काढणारं औषध असतं, असल्या माणसाला उन्हात पाणी फार लवकर कमी पडतं, शरीरातलं सोडियम खाली जातं, हे तुम्हाला माहीत नव्हतं का. माहीत नव्हतं. पण एसीचं बटण कुठे आहे ते माहीत होतं. ते म्हणाले, "गाडीला एसी नाही का?" मी म्हणलं, बिघडलाय.

हे खोटं मी डॉक्टरांशी बोललो. आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि अजून एक, लिहायचं ठरवलंच आहे तर. तिला आत घेतल्यावर मी गाडी सावलीत लावायला गेलो. पाटसपासून एसी फुल होता, इंजिन चालू ठेवलं होतं, त्यामुळे स्क्रीनवर 23.7 झालं होतं. आणि ते पडलेलं मला दिसलं. आई आत झोपलेली आणि मला ते दिसलं, वाईट वाटलं असं नाही म्हणणार, पण दिसलं. ग्रुपवर तोपर्यंत अकरा अंगठे आले होते.

नंतर वहीत हिशोब केला. एसी लावून त्याच रस्त्याला 23 तरी मिळालं असतं. मला 24 साठी परतीचं साडेपंचवीस लागत होतं. अडीचशे किलोमीटरला फरक येतो 1.1 लिटर. तेव्हा पेट्रोल 106 च्या आसपास. म्हणजे 117 रुपये. ते सलाईनचं बिल त्याहून किती तरी जास्त होतं हे मी सांगणार नाही, कारण मुद्दा पैशाचा नव्हताच. पैशासाठी केलं असतं तर निदान समजून घेता आलं असतं. मला तो आकडा हवा होता.

आई संध्याकाळपर्यंत बोलायला लागली. घरी आल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, ऊन लागलं. एवढंच. आजही विचाराल तर एवढंच सांगेल.

आता कुणी म्हणेल मग आता तरी वही बंद कर. तेव्हाच्या मला भेटलो तर मी काय सांगेन याचा मी पुष्कळ विचार केलाय. तो म्हणेल, एकदा झालं, वय झालेलं माणूस, औषधाची माहिती नव्हती, एवढ्यावरून हळू गाडी चालवणं चूक ठरत नाही. आणि खरं सांगू का, त्यात त्याचं सगळंच चुकत नाही. 80 ने गेल्यावर पेट्रोल वाचतं हे खरंच आहे, सिग्नल लांबून बघून पाय काढून घेणं चांगलंच आहे, हवा दर पंधरा दिवसांनी दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरणं चांगलंच आहे. उतारावर न्यूट्रल करणं मात्र त्याने सोडावं. खंबाटकी उतरताना मी ते करायचो. गिअरमध्ये ऍक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल तोडतंच, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

इथेनॉलचं पण विचारतात. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून माझं शहरातलं ऍव्हरेज साधारण अर्ध्या-पाऊणने खाली आलंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणजे थोडं पडणार हे गणितच आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या चारचाकींना 6-7 टक्के घट धरली होती, पुढे सरकारने त्याहून कमी सांगितलं. पण माझ्या पडलेल्यात इथेनॉल किती, 81 हजाराचं इंजिन किती आणि हिंजवडीच्या मेट्रोच्या कामाने वाढलेला थांबा किती, हे वहीतून वेगळं काढता येत नाही. जो माणूस छातीठोकपणे काढून दाखवतो त्याच्या वहीत एसीचा रकाना आहे का ते आधी विचारा. माझ्या वहीत 2023 पर्यंत नव्हता.

गाडी घ्यायची का, असं भाचेजावई विचारतोय. सियाझ नवीन मिळत नाही आता, 2025 ला बंदच झाली, जुनी बघायची तर बघ. मागे तीन माणसं खरोखर बसतात, डिकी 510 लिटरची, आमचं अख्खं गणपतीचं सामान जातं. पाच जण बसले की सोसायटीच्या गतिरोधकाला पोट घासतं, तिरकी घ्यावी लागते. आईला बसताना चढावं लागत नाही, उतरताना मात्र हात द्यावा लागतो. तिच्या गुडघ्यासाठी उंच गाडी बरी की ही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या टाकीची ओळ वहीत आहे. 23.6, कारण शेवटी टाकीवर तेवढंच निघालं, 24 झालंच नव्हतं. ती खोडावी असं खूपदा वाटतं, मग वाटतं खोडली तर मला बरं वाटेल म्हणून खोडू नये. ग्रुपवरचा फोटो पण तसाच आहे.

तर दाजी, शहरात 12, हायवेला 20, एसी चालू. शनिवारी टाकी फुल करणार आहे, आईला अक्कलकोटला जायचंय. ती आत्तापासून म्हणतेय, "मला एसी नाही लावला तरी चालतो हो."