बेभरवशाच्या पावसात हिरवळीची वसंतातील कामे: माझा अनुभव

वसंताच्या सुरुवातीला हिरवळीची सगळी महत्त्वाची कामे एकदम अंगावर येतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत हवामानाचा अंदाज रोज सकाळी बदलतो. तण उगवण्याआधी द्यायचे तणनाशक, वर्षातले पहिले खत, उघड्या पडलेल्या जागांवर बी पेरणे, उगवलेल्या तणांवर फवारणी आणि पहिली कापणी या प्रत्येक कामाचे पावसाशी असलेले नाते वेगळे आहे. त्यामुळे यंदा पाऊस येणार का, याचा खल करत बसण्यापेक्षा, अंदाज चुकला तर कोणत्या कामाचे काय बिघडेल, हे मी आधी ठरवून घेतले.

अंदाजातील ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ याचा अर्थ त्या मुदतीत आपल्या ठिकाणी मोजता येण्याइतका पाऊस होण्याची शक्यता तेवढी आहे, इतकाच असतो. तो पाव मिलिमीटर असेल की ३० मिलिमीटर, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यातही मेघगर्जनेसह येणारा पाऊस काही किलोमीटर रुंदीच्या ढगातून पडतो, म्हणून एका वस्तीत पाणी तुंबते आणि शेजारची वस्ती कोरडी राहते. चार-पाच दिवस आधीचा अंदाज मी कामांचा क्रम लावण्यापुरता वापरला, काम पक्के केले ते आदल्या दिवशीच्या अंदाजावर, आणि प्रत्यक्ष हात घालण्यापूर्वी रडारवर ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत ते पाहिले.

सर्वांत निकडीचे होते उगवणीपूर्व तणनाशक, कारण त्याची वेळ जमिनीचे तापमान ठरवते. वरच्या थरातील माती काही दिवस सलग १३ अंश सेल्सियसच्या आसपास राहिली की क्रॅबग्राससारख्या तणांचे बी उगवू लागते, म्हणून रोज सकाळी ५ सेंटिमीटर खोल तापमापी खोचून मी नोंद ठेवली. पारा ११ अंशांच्या पुढे सरकला तेव्हा आठवड्याच्या उत्तरार्धात वादळी सरींची शक्यता ६० टक्के दाखवली जात होती. थांबायला वाव नव्हता. या दाणेदार औषधाला मातीत मुरण्यासाठी साधारण १२ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हलका पाऊस त्याला हवाच असतो. धो-धो पावसात मात्र दाणे उताराने वाहून जातात. वादळी सरींच्या आधी हलक्या पावसाचा एक दिवस दिसत होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दाणे टाकले. पर्जन्यमापकात ४ मिलिमीटर भरले. उरलेले ८ मिलिमीटर तुषार सिंचनाने दिले आणि ते मोजण्यासाठी सरळ कडांचे रिकामे डबे हिरवळीवर ठेवले. १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, असा हा सोपा हिशेब आहे. कमी पडलेले पाणी असे नळाने भरून काढता येते, जास्त पडलेले परत घेता येत नाही, आणि माझे सगळे नियोजन याच गोष्टीवर उभे होते.

खत मी त्याच कारणाने मागे ठेवले. युरिया उबदार, जेमतेम ओलसर पृष्ठभागावर पडून राहिला तर त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते, म्हणून खतामागोमाग ६ मिलिमीटरच्या आसपास पाणी हवेच असते. पण आधीच भिजून गच्च झालेल्या जमिनीवर सर कोसळली तर तेच खत गटारातून ओढ्या-तळ्यांत जाते आणि तिथे शेवाळ माजते. हे नुकसान मला वाया गेलेल्या पैशापेक्षा अधिक सलते. वादळी सरी येऊन गेल्या, उताराच्या तळाशी पाणी साचले, आणि ते जिरून वाफसा येईपर्यंत मी वाट पाहिली. वाफसा पाहायला मूठभर माती पुरते: दाबल्यावर बोटांमधून पाणी सुटले किंवा गोळा चिकट राहिला तर अजून अवकाश आहे, गोळा धरून राहिला आणि अंगठ्याने हलके दाबताच फुटला तर जमीन तयार आहे. तळाच्या भागाला चढाच्या भागापेक्षा बराच उशीर लागला, म्हणून तिथे खतही उशिरा टाकले. हळूहळू विरघळणारे खत निवडले, १०० चौरस मीटरला अर्ध्या किलोच्या आत नत्र बसेल एवढेच ठेवले आणि फरसबंदीवर उडालेले दाणे झाडून परत गवतात लोटले.

उघड्या जागांवर तणनाशक टाकलेले नव्हते, कारण बहुतेक उगवणीपूर्व औषधे गवताचे बीही उगवू देत नाहीत. तिथे बी पेरले ते जोरदार सरी ओसरल्यावरच, आणि पुढे वरची माती सुकू न देण्यापुरते थोडे थोडे पाणी देत राहिलो.

फवारणी आणि कापणीला याउलट कोरडी हवा लागते. ढगांचा गडगडाट ऐकू आला की हातातले काम तिथेच टाकून घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही, हा नियम मी एकदाही मोडला नाही, कारण वीज पावसाच्या पट्ट्यापासून १० किलोमीटर दूरही पडू शकते. पावसामुळे लांबलेली कापणी मी दोन टप्प्यांत केली, म्हणजे एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापला गेला नाही. डँडेलियन या रुंद पानांच्या तणावरच्या औषधाला त्याची पाने मोठी आणि कोरडी हवीत, शिवाय लेबलवर दिलेले तास पावसाविना जायला हवेत. म्हणून पहिली खात्रीची उघडीप मी फवारणीला दिली आणि कापणी पुढच्या उघडिपीपर्यंत लांबवली.